लिनक्सवर आवाज नेमका कुठे अडतो?

ऑनलाइन मुलाखत सुरू होते. समोरच्यांचे बोलणे स्पष्ट ऐकू येते. आपला आवाज मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांची ही जुनीच तक्रार. अशा वेळी संभाषणाचे सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्याचा खटाटोप बहुधा व्यर्थ ठरतो, कारण दोष अनेकदा अन्यत्रच असतो.

लिनक्समध्ये आवाजाचा प्रवास तीन पातळ्यांवरून होतो. साउंड कार्ड हाताळणारी ‘अल्सा’ ही यंत्रणा सर्वांत खाली, कर्नलमध्ये असते. त्यावर निरनिराळ्या प्रोग्रॅमना आवाज वाटून देणारा ध्वनी सर्व्हर असतो. पूर्वी हे काम ‘पल्सऑडिओ’ करीत असे. ‘फेडोरा ३४’ने २०२१ मध्ये आणि ‘उबुंटू २२.१०’ने २०२२ मध्ये त्याजागी ‘पाइपवायर’ स्वीकारले. सर्वांत वर असतो तो ब्राउजर किंवा चॅटचे अॅप.

अडथळा कोणत्या पातळीवर आहे, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. सेटिंग्जमधील ‘साउंड’ विभाग उघडून ‘इनपुट’खाली योग्य मायक्रोफोन निवडावा आणि बोलून पाहावे. तेथील पट्टी हलली, तर मायक्रोफोन ठीक आहे. दोष वरच्या पातळीवर आहे. मग ब्राउजरने मायक्रोफोनची परवानगी दिली आहे का, हे तपासावे. अॅप ‘स्नॅप’ स्वरूपातील असेल, तर त्याला ध्वनिमुद्रणाची परवानगी वेगळी द्यावी लागू शकते. अॅपने भलताच मायक्रोफोन निवडला असल्यास ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’च्या ‘रेकॉर्डिंग’ विभागात तो बदलता येतो. पाइपवायरवरही हे साधन चालते.

पट्टी हललीच नाही, तर खाली उतरावे. टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ चालवून एफ ६ कळीने साउंड कार्ड निवडावे, एफ ४ने ‘कॅप्चर’ उघडावे आणि ते बंद असल्यास स्पेस बारने सुरू करावे. हेडसेटची पिनही पाहावी. लॅपटॉपला एकच जॅक असेल, तर केवळ मायक्रोफोनची वेगळी पिन त्यात सहसा चालत नाही.

ब्लूटूथची गोष्ट निराळी. संगीतासाठीच्या ‘ए२डीपी’ प्रकारात मायक्रोफोन बंद राहतो. तो हवा असल्यास ‘एचएफपी’ किंवा ‘एचएसपी’ निवडावे लागते. तेव्हा कानातला आवाज टेलिफोनसारखा होतो. तो बिघाड नव्हे.