साध्या ईमेलमध्ये शब्दावर जोर कसा द्यावा?

व्यापारी व कारागीर बंधूंनो, हातचिठ्ठीत ताकीद द्यायची असली की आपण त्या शब्दाखाली रेघ ओढतो. दोन रेघा ओढल्या की नवखा गुमास्ताही समजतो, इथे चूक चालणार नाही. ईमेलमध्ये मात्र ही रेघ समोरच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही.

समजा, तुम्ही पाच क्वालिटींची यादी पाठवली आणि रद्द झालेल्या दोन क्वालिटी लाल अक्षरांत दाखवल्या. समोरच्याच्या संगणकावर पत्र साधा मजकूर म्हणून उघडले, तर लाल रंग नाहीसा होतो. तो पाचही क्वालिटींचे ताके भरतो. मग तकरार कोणाशी करणार?

याचे कारण असे. रंग, ठळक अक्षर व अधोरेखन ही सजावट एचटीएमएल नावाच्या वेगळ्या पद्धतीने जाते. साध्या मजकुरात फक्त अक्षरे, अंक व चिन्हे असतात. सुरुवातीच्या काळात ईमेल असेच साधे होते. म्हणून लोकांनी कळफलकावरील चिन्हांनाच कामाला लावले. ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ हा इंटरनेटवरील शिष्टाचाराचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्यातही यांतील काही दस्तूर नमूद आहेत.

१) तारा : शब्दाच्या दोन्ही बाजूंस एकेक. ‘माल *सोमवारपूर्वी* हवा.’ अर्थ, या शब्दावर जोर आहे.

२) खालची रेघ : _असे_ लिहिले म्हणजे शब्द अधोरेखित समजावा. पुस्तकाचे नावही असे लिहितात.

३) तिरकी रेघ : /असे/ लिहिले म्हणजे तिरपे अक्षर. हिचा वापर कमी आहे.

४) इंग्रजीत सगळी कॅपिटल अक्षरे : हे ओरडणे समजले जाते. उधारीची आठवण अशी पाठवली तर जुना ग्राहकही दुखावतो. मराठी व उर्दूत कॅपिटल अक्षरे नाहीत. तिथे तारा पुरतो.

आता खबरदारी. अंकांना तारे लावू नयेत. रीड-पिक कोणी ९२*८८ असे लिहितो. तिथे तारा गुणाकाराचा असतो आणि घोटाळा होतो. भाव व नग अंकांत लिहून पुढे अक्षरांतही लिहावेत. एका पत्रात दोन-तीन शब्दांनाच जोर द्यावा. सगळ्याच ओळींना तारे लावले तर कशालाच जोर राहत नाही.

२०१६ पासून व्हॉट्सअॅपवर तारे लावलेला शब्द ठळक दिसतो. खालच्या रेघांतला मात्र अधोरेखित न होता तिरपा होतो. म्हणजे चिन्ह तेच, पण दिसणे जागेनुसार बदलते.

म्हणून मुख्य गोष्ट ध्यानी ठेवावी : चिन्हाने जोर दाखवावा, पण हुकूम शब्दांतच द्यावा. लाल रंगावर न विसंबता त्या क्वालिटीपुढे सरळ ‘रद्द’ असे लिहावे. हा शब्द कोणत्याही संगणकावर पुसला जात नाही.