गोलाईत बस्ता

लातूरच्या गंजगोलाईत दुपारचे चार वाजलेत. लग्नसराई ऐन भरात आहे. ऊन कलायचं नाव घेत नाही आणि गर्दीही हटत नाही. गुळाच्या ढेपा लादलेला हातगाडा ढकलत एक हमाल येतोय. ‘सरका मामा, सरका!’ मामा सरकतात ते थेट केळीच्या गाड्यावर, आणि केळीवाला मागच्या रिक्षाला हात करून थांबवतो. मी अंबाबाईच्या देवळाजवळ उभा राहून हे बघतोय.

ही गोलाई १९१७ची, निजामाच्या अमलातली. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला. मधोमध देवीचं देऊळ, भोवती दुमजली गोल इमारत आणि चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पडणारे १६ रस्ते. मालागणिक ओळ वेगळी. सोनं एकीकडे, चपला दुसरीकडे, मिरची आणि गूळ तिसरीकडे. कापड लाइन, भुसार लाइन ही नावं लातूरकराच्या तोंडात पत्त्यासारखी बसलेली आहेत.

कापड लाइनीतून औशाकडचं एक कुटुंब बस्ता बांधून बाहेर पडतंय. दोघांच्या डोक्यावर गाठोडी, सुनेच्या कडेवर लेकरू, पुढे आजी. आता बांगड्या, मग भांडी, मग सराफ. सगळं चालत होणार आहे. जावई म्हणतो, ‘पहिल्याच दुकानात घेतलं असतं तर कवाच मोकळं झालो असतो.’ आजी फटकारते, ‘चार दुकानं बगितल्याबिगर भाव कळतो व्हय?’

आजीचं म्हणणं खरं आहे. शेजारच्या दहा दुकानांत तोच माल असला की कुणाला फार चढा भाव लावता येत नाही. त्या आराखड्याचं मोठेपण मला यातच दिसतं. गाव सोडून आलेल्या माणसाला एका फेरीत, पायी, पारखून खरेदी करता यावी, ही सोय त्या गोलात आहे.

पण आजीचे पाय आता दुखायला लागलेत आणि टेकायला बाक नाही. ती चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसते. दुकानदार काही न बोलता मांडलेले जोड बाजूला सारतो. सून बांगडीवालीच्या कानाशी लागून काहीतरी विचारते. बांगडीवाली बस स्टँडच्या दिशेला हात करते. ‘तिकडं जावं लागंल, बाई. लांब हाय.’ सून एकदा गर्दीकडे बघते, एकदा कडेवरच्या लेकराकडे, आणि तशीच उभी राहते. सकाळी निघालेली बाई संध्याकाळच्या गाडीने घरी पोचणार. बाजारपेठेच्या कुठल्याही आराखड्यात पहिली रेघ या बाईसाठी ओढली पाहिजे, असं मी ठामपणे म्हणेन.

जावई घड्याळ बघतोय. त्याला वकिलाकडे कागदावर सही करायची आहे आणि वकिलांचं ऑफिस आता बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर, पार्किंग असलेल्या नव्या इमारतीत गेलंय. तो रिक्षा शोधायला निघतो. मी मान वर करतो. दुकानांवरच्या मजल्यांच्या कितीतरी खिडक्या बंद, काचांआड खोकी रचलेली. तिथे वकील, डॉक्टर, हिशेबनीस बसले, एखादं वाचनालय, छोटं सभागृह उघडलं, तर याच रस्त्यांवर दुपारी जेवणारी आणि रात्री नाटक बघून परतणारी माणसं दिसतील. नुसत्या दुकानांची पेठ शटर पडलं की ओस पडते.

हे बदलायची वाट कागदावर आहे. १९६६च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार शहराचा विकास आराखडा होतो. वाहनतळ, उद्यान, बाजार यांसाठी जागा आरक्षित होतात. मात्र १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यापुढच्या मुदतीतही काही हललं नाही तर आरक्षण उडतं. नकाशावरचा हिरवा चौकोन नकाशावरच राहतो, तो असा. केळीवाल्यासाठीही कागदावर सोय आहे. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायकांना. गाडे कुठे उभे राहावेत हे ठरवताना गाडेवाला खोलीत असायला हवा, हे कायद्यालाही पटलेलं आहे.

जावई रिक्षात बसून गेला. आजी उठली, पदर खोचला आणि भांड्यांच्या ओळीकडे वळली. हमालाचा रिकामा गाडा परत येतोय, ‘सरका!’

लातूरच नव्हे, तुमचं गाव कुठलंही असो, विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. त्या मुदतीत पालिकेत जा, आपल्या पेठेचा नकाशा मागा, बाक, स्वच्छतागृह, गाड्यांची जागा आणि वरच्या मजल्यांचा वापर यांचा विचार केलाय का ते बघा. नसेल तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.