वर्गाबाहेरचे कॉलेज

स्वमग्न विद्यार्थी अभ्यासात हुशार असला, तरी घर सोडून वसतिगृहात राहायला गेल्यावर खरी ओढाताण सुरू होते. अनोळखी रूममेट, सामाईक न्हाणीघर, मेसमधला गोंगाट, अचानक वाजणारी आगीची घंटा. जेवायचे कधी, कपडे धुवायचे कधी, हे सांगणारे कोणी नसते.

अमेरिकेत शाळेपर्यंत मुलाची गरज ओळखून मदत देणे ही शाळेची कायदेशीर जबाबदारी असते. कॉलेजात मात्र विद्यार्थ्याला स्वतः आपली स्थिती सांगून सवलत मागावी लागते. मदत मागणे हेच ज्याला अवघड, त्याच्यावरच हे ओझे येते, आणि मला हा नियम फार कठोर वाटतो.

ही दरी भरण्यासाठी वेस्ट व्हर्जिनियातील मार्शल विद्यापीठाने 2002 मध्ये स्वमग्न विद्यार्थ्यांसाठी खास कार्यक्रम सुरू केला. अशा कार्यक्रमांत अभ्यासक्रम सोपा केला जात नाही. आठवड्याचे वेळापत्रक बसवणे, प्राध्यापकांना ईमेल लिहिणे, रूममेटशी झोपेच्या वेळा ठरवणे, अशा गोष्टींत सोबत मिळते. काही ठिकाणी एकट्यासाठी खोली किंवा सत्र सुरू होण्याआधी परिसराची ओळख करून घेण्याची सोय असते. हा आधीचा परिचय मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण अनोळखीपणाची धास्ती त्यानेच कमी होते.

भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला मान्यता दिली. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. प्रवेशानंतरच्या वसतिगृहातल्या रोजच्या आधाराचा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही.