पंधरा ऑक्टोबरचा हिशेब

महाराष्ट्राच्या जलसंपदा खात्याचे वर्ष 1 जुलैला सुरू होते, पण त्याचा निकाल लागतो 15 ऑक्टोबरला. पाऊस संपला असे त्या दिवशी धरायचे. धरणात किती दलघमी (दशलक्ष घनमीटर) साठा आहे ते मांडायचे, त्यातून पिण्याचे आणि कारखान्यांचे पाणी बाजूला काढायचे, बाष्पीभवन वजा करायचे आणि उरलेल्यात रब्बीची किती, उन्हाळी किती आवर्तने बसतात ते कालवा सल्लागार समितीने ठरवायचे. पाऊस कसा पडतो हे आपल्याला ठाऊक आहे, असे या सगळ्यात गृहीत धरलेले असते. धरणेही त्याच भरवशावर उभी राहिली. मागच्या नोंदींवरून शंभरांतली पंचाहत्तर वर्षे जेवढे पाणी येईलच असे दिसते, तेवढ्यावर सिंचन प्रकल्प आखायचा, ही रीत. 1972 पासूनच्या पन्नासेक वर्षांत योजनांची नावे खूप बदलली. ती जंत्री इथे देत नाही. हा भरवसा कसा सुटत गेला आणि तो सुटल्याचे आधी कोणाला कळले, एवढेच पाहू.

1972 च्या दुष्काळाने राज्याला दोन गोष्टी दिल्या. एक रोजगार हमी. वि. स. पागे यांच्या या योजनेचा 1977 मध्ये कायदा झाला आणि तो 1979 पासून लागू झाला. दुसरी, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, लाखो हातांना काम मिळाले. दुष्काळ हे बांधकामाने बरे होणारे दुखणे आहे, ही समजूतही तेव्हाच पक्की झाली. 1976 चा पाटबंधारे अधिनियम आला, पण कायद्याखालचे नियम काही दशके झालेच नाहीत. ब्रिटिश अमदानीतल्या नियमांवर कालवे चालत राहिले आणि त्याची कोणाला फारशी खंतही नव्हती.

त्याच दशकात पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी वेगळी मांडणी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर वाटायचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. पाणी पंचायतीच्या या नियमांत हवामान बदलाचा शब्दही नाही; तेव्हा तो चर्चेतच नव्हता. पण पाणी कमी असेल तेव्हा कोणी किती सोडायचे, हे त्यांत आधीच ठरलेले होते. मला तरी हवामान बदलाशी अनुकूलन म्हणजे मुख्यतः हेच वाटते.

सरकारी पातळीवर असा विचार यायला 1999 उजाडले. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या जल व सिंचन आयोगाने राज्याची उपखोऱ्यांत मांडणी केली, तुटीची आणि विपुलतेची उपखोरी वेगळी दाखवली आणि तुटीच्या खोऱ्यांत ऊस नको असेही सांगितले. पुढे तिथे साखर कारखाने किती निघाले, ते सोलापूर-लातूरच्या वाचकाला सांगायला नको. दरम्यान 1996 ते 1998 या काळात पाच पाटबंधारे महामंडळे निघाली, ती मुख्यतः रोखे विकून पैसा उभा करण्यासाठी. पुढे त्यांनाच नदीखोरे अभिकरण म्हणण्यात आले. पाटी बदलली, काम कंत्राटांचेच राहिले. 2011-12 च्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचित क्षेत्राचे प्रमाण 17.8 वरून 17.9 टक्क्यांवर गेल्याचे छापून आले आणि मग सिंचनावरच्या खर्चावरून जो गदारोळ झाला तो सर्वांना आठवत असेल.

2005 ला मात्र खरी संधी होती. त्या वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापन करण्याचा, असे दोन कायदे झाले. देशात असे स्वतंत्र प्राधिकरण पहिलेच. पाणीवापर संस्थेला पाणी मोजून मिळणार, कोणत्या क्षेत्राला किती हे प्राधिकरण ठरवणार आणि सगळे एकात्मिक राज्य जल आराखड्याच्या चौकटीत होणार, असे ठरले. नाशिकच्या ओझर परिसरात भरत कावळे आणि बापूसाहेब उपाध्ये यांनी कायद्याच्या कितीतरी आधी पाणीवापर संस्था उभ्या केल्या होत्या. वाघाड प्रकल्पाचे व्यवस्थापन या संस्थांच्या महासंघाकडे आले, कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्यालाही पाणी पोचू लागले. कायद्याला असा जिवंत नमुना घरातच मिळाला होता. पण आराखड्याला मान्यता देणाऱ्या राज्य जल परिषदेची पहिली बैठक व्हायला 2015 साल लागले, तेही जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे यांनी जनहित याचिका केल्यावर. त्याआधी 2011 मध्ये दुरुस्ती करून क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाने स्वतःकडे घेतला होता. दात काढून घेतलेले प्राधिकरण उरले.

तरी त्याच कायद्यातले एक कलम चालले. पैठणच्या जायकवाडी धरणाचे. वरच्या नाशिक-नगरच्या धरणांनी किती साठा ठेवायचा आणि खाली पैठणला किती सोडायचे, याचा तक्ता मेंढेगिरी समितीने 2013 मध्ये दिला. प्राधिकरणाने 2014 मध्ये त्यावर आदेश काढला, उच्च न्यायालयाने 2016 मध्ये तो मान्य केला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल, तर वरून पाणी सोडायचे. 2023 चा ऑगस्ट देशभर विक्रमी कोरडा गेला. ऑक्टोबरअखेर राज्यात 40 तालुके दुष्काळी जाहीर झाले आणि त्याच सुमारास 8.6 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला. वरच्या बाजूला मोर्चे निघाले, खालच्या बाजूला रास्ता रोको झाला, वाटेत नदीपात्राने आपला वाटा घेतलाच. हे भांडण बघून अनेकांना वाटते की व्यवस्था मोडली. माझे मत उलट आहे. टंचाईच्या वर्षी काय करायचे हे वर्ष उजाडण्याआधी लिहून ठेवलेले असे महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर हे एकच ठिकाण. आता 65 ची मर्यादा खाली आणण्याची शिफारस झाली आहे. वादही चालू आहे. तो आकड्यावर चालला आहे, हीच प्रगती.

आकडा कुठे नसतो ते लातूरने दाखवले. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. मांजरा धरण कोरडे होते. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर मांजरेला पूर आला आणि धरण भरले. सहा महिन्यांत दोन्ही टोके. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवले, की 1950 पासून मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा मराठवाड्यात टँकर चालू होते. धरणे मात्र पुरासाठी जागा राखून बांधलेलीच नव्हती. अधिकाऱ्यापुढे दोन हुकूम असतात: ऑगस्टमध्ये पोट रिकामे ठेव आणि ऑक्टोबरला भरून दे. 2025 च्या सप्टेंबरात सीनेने माढा-करमाळ्याच्या दुष्काळी पट्ट्याला बुडवले, तेव्हाही प्रश्न हाच होता.

कालव्याच्या पाण्याला निदान तारीख तरी आहे, विहिरीच्या पाण्याला तीही नाही. जलयुक्त शिवार योजनेवर 2014 ते 2019 मध्ये 9,633 कोटी खर्च झाले आणि भूजल वाढण्यात त्याचा फारसा उपयोग झाला नाही, असे महालेखापालांनी 2020 मध्ये म्हटले. नाले खोल केले, उपशाला हात लावला नाही. 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना आवर घालणारा भूजल कायदा 2009 चा. तो लागू झाला 2014 मध्ये आणि नियमांचा मसुदा आला 2018 मध्ये. हिवरे बाजार गावाने त्याच्या कितीतरी आधी ग्रामसभेतून शेतीसाठी बोअर बंद केले. पाऊस कमी झाला की तिथे रब्बीचे क्षेत्र कमी होते. 2018 पासून जागतिक बँकेच्या मदतीने पोकरा या हवामान-अनुकूल शेतीच्या प्रकल्पातील 5,142 गावांमध्ये जलताळेबंद मांडण्याचे काम झाले. ताळेबंद चांगले आहेत, काही तर फार बारकाईने केलेले. तूट निघाली तरी गावात उभ्या राहिलेल्या बोअरच्या गाडीला परत पाठवण्याचा अधिकार त्यांत नाही.