कंपनी ‘आपली’ कधी वाटते? सालगडी, बटईदार आणि लिज्जतचा पापड

वसमतहून बोलतोय. ज्यांना इअरफोन लावायला जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

सुरुवात माझ्याच एका चुकीनं करतो. आधीच्या नोकरीत एका शुक्रवारी संध्याकाळी मी कोडमध्ये छोटासा बदल टाकला आणि घरी गेलो. रात्री नऊला पेमेंट बंद! ग्रुपवर आम्ही चौदा जण. सगळ्यांनी ‘बघतोय’ लिहिलं, पण बघत कुणीच नव्हतं. अक्षरशः बारभाईचा कारभार. दोन तासांनी साहेबांनी विचारलं, “कुणी केलं हे?” मला तोवर कळलं होतं, तरी मी गप्प बसलो. बोलणी खाल्ली नवीन लागलेल्या पोरानं. सोमवारी मी खरं सांगितलं, पण तो शनिवार-रविवार त्यानं कसा काढला असेल, ते आजही डोक्यातून जात नाही.

त्या कंपनीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात ‘ओनरशिप’ लिहिलेलं होतं. मग अडलं कुठं?

आपल्या हिंगोलीच्या शेतात बघा. सालगड्याचा पाडव्याला वर्षाचा आकडा ठरतो. पीक बंपर येवो की बुडो, आकडा तोच. बटईदाराचा मात्र पिकात वाटा असतो. मोटारीची लाईट रात्री दोनला आली तरी तो उठतो. सालगडी आळशी असतो असं नाही हं! कोणतं बियाणं घ्यायचं, माल कधी विकायचा, हे त्याला कुणी विचारतच नाही. आणि बटईत पीक बुडालं तर फटकाही वाट्यानंच बसतो.

म्हणजे मालकीला तीन पाय आहेत: वाटा, निर्णयाचा हक्क आणि जबाबदारी. एक जरी पाय नसला तरी तिवई पडते.

हे तिन्ही पाय एकत्र बघायचे तर लिज्जत पापड बघा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आज श्री महिला गृह उद्योगात हजारो बायका आहेत. तिथं त्यांना कामगार म्हणत नाहीत, ‘भगिनी’ म्हणतात. प्रत्येक भगिनी सहमालक, नफ्यातोट्यात वाटेकरी.

पण ‘सगळ्या मालक’ म्हटल्यावर पापड बिघडला तर जबाबदार कोण? इथं त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. पीठ केंद्रावर एकाच मापानं मळलं जातं. भगिनी ते घरी नेऊन लाटते आणि वाळवलेले पापड परत आणते. माल तपासूनच घेतला जातो आणि लाटण्याचे पैसे तिच्या कामाप्रमाणे मिळतात. म्हणजे मालकी सगळ्यांची, पण हातातला लाटा कुणाचा हे पक्कं. आमच्या ग्रुपवर नेमकं हेच नव्हतं.

आता आपल्या आयटीकडे या. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसनं पुढं नव्वदच्या दशकात कर्मचाऱ्यांना शेअर दिले आणि भारतात ‘ईसॉप’ हा शब्द घरोघरी गेला. ईसॉप म्हणजे ठरलेल्या भावानं कंपनीचे शेअर पुढं विकत घ्यायचा हक्क. कायद्यानं तो हातात यायला किमान एक वर्ष लागतं. बऱ्याच कंपन्या चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं देतात. ऑफर लेटरमधला मोठा आकडा बघून हुरळून जाऊ नका. शेअर घेताना पैसे भरावे लागतात, करही लागतो, आणि कंपनी बुडाली तर हाती कागदच. शिवाय ईसॉप हा फक्त वाटा झाला. बाकीचे दोन पाय?

निर्णयाच्या हक्कासाठी टोयोटाचं उदाहरण घ्या. तिथं साध्या कामगारालाही दोष दिसला की दोरी ओढून इशारा देता येतो, वेळ पडली तर अख्खी लाईन थांबते. तुमच्या टीममधल्या सगळ्यात ज्युनियर पोराला ‘आज रिलीज नको’ म्हणता येतं का? नसेल, तर भिंतीवरचं पोस्टर काढून टाका राव.

आणि जबाबदारी म्हणजे गुन्हेगार शोधणं नव्हे. ‘कुणी केलं?’ विचारलं की माणूस लपतो, मी लपलोच की! ‘काय झालं, कसं झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं?’ असं विचारलं की माणूस बोलतो.

आता मी घरून काम करतो. टीममध्ये तीन साधे नियम आहेत. प्रत्येक कामापुढं एकच नाव. बिघाड झाला की एक जण पुढं होऊन ‘हे मी घेतलं’ असं लिहिणार. आणि चूक ज्याची, तोच दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ती समजावून सांगणार, कुणीही टोमणा मारायचा नाही. गेल्या महिन्यात पहिली पाळी माझीच आली. सांगताना घाम फुटला, पण यावेळी माझ्या वाटची बोलणी दुसऱ्या कुणाला खावी लागली नाहीत.

तुमच्या ऑफिसात या तीनपैकी कोणता पाय लंगडा आहे? विचार करा, आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!