सिलिकाला चिकटणारा डीएनए

रक्त, थुंकी किंवा केसाच्या मुळातला डीएनए तपासायचा तर आधी तो बाकीच्या ऐवजातून वेगळा काढावा लागतो आणि मग ओळखता येईल इतका वाढवावा लागतो. वाढवण्याचे तंत्र, म्हणजे पीसीआर, कोविडच्या काळात घराघरांत पोचले. वेगळा काढण्याच्या कामाचे नाव प्रयोगशाळेबाहेर कोणी घेत नाही, पण चाचणी अनेकदा फसते ती तिथेच.

जुनी रीत फिनॉल-क्लोरोफॉर्मची. फोडलेल्या पेशींचे द्रावण त्यात घुसळून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की प्रथिने खाली जातात आणि डीएनए वरच्या पाणीदार थरात उरतो. तो थर पिपेटने अलगद उचलायचा आणि अल्कोहोल घालून डीएनए तळाशी बसवायचा. त्याला हाताचे कसब लागे, वेळ जाई, आणि फिनॉल अंगावर सांडले तर कातडी भाजे.

रेने बूम आणि त्यांच्या ॲम्स्टरडॅममधील सहकाऱ्यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत ग्वानिडिनियम थायोसायनेट या क्षारावर उभी आहे. तो पेशी फोडतो आणि डीएनए कुरतडणारी विकरे निकामी करतो. त्याचे तिसरे काम अधिक विलक्षण. डीएनए आणि सिलिका (काचेचा मुख्य घटक) दोन्ही ऋणभारित, त्यामुळे एरवी एकमेकांना दूर लोटणारे. शिवाय दोघांभोवती पाण्याच्या रेणूंचे वेष्टण. क्षार तीव्र असला की हे वेष्टण विस्कटते, भार झाकले जातात आणि डीएनए सिलिकाला चिकटतो. अल्कोहोलमिश्रित द्रावणाने धुतले तरी तो सुटत नाही. नुसते पाणी किंवा अगदी कमी क्षाराचे द्रावण घातले की मात्र मुकाट्याने सुटतो. काचेची भुकटी डीएनए धरते हे 1979 पासून ठाऊक होते. पेशी फोडणे आणि डीएनए पकडणे एकाच नळीत, एकाच रसायनाने, तासाभराच्या आत उरकणे हे बूम यांचे श्रेय, आणि ते त्यांना पुरेसे मिळालेले नाही. आजचे स्पिन कॉलम, म्हणजे सिलिकाचा पडदा असलेल्या छोट्या नळ्या, याच तत्त्वावर चालतात. सिलिकाचा लेप दिलेल्या चुंबकीय मण्यांमुळे तर हे काम यंत्रावर सोपवता आले.

पीसीआरची कल्पना सीटस कंपनीतील कॅरी मलिस यांची, 1983 ची. त्यासाठी त्यांना 1993 चे नोबेल मिळाले. सुमारे 95 अंशांना डीएनएचे धागे सुटतात, 55 ते 60 च्या आसपास प्रायमर, म्हणजे नव्या धाग्याची सुरुवात करून देणारे छोटे तुकडे, बसतात, 72 ला नवा धागा विणला जातो. दर फेरीत दुप्पट, म्हणून 30 फेऱ्यांत एका तुकड्याचे कागदोपत्री शंभर कोटींहून अधिक होतात. सुरुवातीचे विकर दर वेळी उष्णतेने मरे आणि हाताने पुन्हा घालावे लागे. यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यात सापडलेल्या थर्मस ॲक्वाटिकस या जीवाणूच्या टॅक विकराने ती कटकट संपवली.

गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅटमध्ये डीएनए वेगळा काढणे आणि वाढवणे ही दोन्ही कामे बॅटरीवर चालणाऱ्या दोन लहान यंत्रांत मावतात. क्षयरोगासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये त्याला मान्यता दिली.

यंत्र लहान झाले तरी रसायनाच्या खोडी सुटल्या नाहीत. रक्तातले हीम, मातीतली ह्युमिक आम्ले, रक्त गोठू नये म्हणून घातलेले हेपारिन यांपैकी काहीही डीएनएबरोबर राहिले तर टॅक अडते. म्हणून पीसीआरसाठीचे रक्त हेपारिनऐवजी सहसा ईडीटीएच्या नळीत घेतात. धुण्याचे अल्कोहोल नीट उडाले नाही तरी तीच गत. अशा वेळी रुग्णात जंतू असूनही अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो. ही चूक पकडण्यासाठी प्रत्येक नमुन्यात एक ओळखीचा डीएनए मुद्दाम घालतात. तोही वाढला नाही, तर निकाल धरायचा नाही.

उलटी चूकही होते. वाढवलेल्या डीएनएची नळी उघडताना उडालेला सूक्ष्म तुषार पुढच्या नमुन्यात पडला, की नसलेला जंतू दिसतो. त्यासाठी खोल्या वेगळ्या ठेवतात. थायमिनऐवजी युरॅसिल घालून डीएनए वाढवण्याचीही युक्ती आहे: पुढच्या चाचणीआधी युरॅसिल ओळखणारे विकर घातले की मागचा सांडलेला माल तेवढा नष्ट होतो आणि रुग्णाच्या डीएनएला धक्का लागत नाही.

एका अडचणीवर मात्र शुद्धीकरणाचा उपाय नाही. मेलेल्या जीवाणूचा डीएनएही सिलिकाला तितकाच घट्ट चिकटतो आणि तितकाच वाढतो. त्यामुळे क्षयाचे उपचार लागू पडत आहेत का, हे या चाचणीवरून ठरवत नाहीत. त्यासाठी थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात किंवा जंतू कल्चरमध्ये वाढवून बघतात.