थंडीत गाडीला वॅक्स कोणतं लावायचं? निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या गाडीमालकांनी डबी घेण्याआधी हे वाचावं

दिवाळी झाली की निफाड, दिंडोरी, चांदवड पट्ट्यात थंडी जाणवायला लागते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरल्याच्या बातम्या येतात, आणि सकाळी अंगणात उभी असलेली बोलेरो, पिकअप नाहीतर ओम्नी दवाने ओलीचिंब दिसते. याच दिवसांत मोबाईलवर 'हिवाळ्यासाठी बेस्ट कार वॅक्स' असे व्हिडिओ फिरतात आणि ऑनलाइन डब्या मागवल्या जातात. हजार-दीड हजार मोजून आणलेली डबी दोन महिन्यांत उतरली, अशी तक्रार मग ठरलेली.

घोळ सुरू होतो तो व्हिडिओपासूनच. यातले बहुतेक व्हिडिओ अमेरिका, कॅनडा नाहीतर इंग्लंडमधले असतात. तिकडे रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते खारं पाणी गाडीवर उडतं, पत्रा खातं, म्हणून तिकडे हिवाळ्याआधी वॅक्स मारायची घाई असते. आपल्याकडे रस्त्यावर मीठ नाही. आपल्या थंडीतले शत्रू वेगळे आहेत: दव, धूळ, पक्ष्यांची विष्ठा, बोअरचं जड पाणी आणि द्राक्षबागेतला फवारा.

दवावर फडकं मारणं सगळ्यात महाग पडतं

सकाळी गाडी आयतीच ओली झालेली असते. फडकं घेतलं, टपापासून बोनटपर्यंत फिरवलं, झाली गाडी चकाचक. गावात दहापैकी आठ घरी हेच दिसतं. पण त्या दवाखाली आदल्या दिवशीची धूळ बसलेली असते. कच्च्या रस्त्याचा मुरूम, काळ्या मातीची भुकटी, मार्केटला जाणारी गाडी असेल तर कांद्याच्या पातीचा कचरा. दव एवढं थोडं असतं की धूळ वाहून जात नाही, नुसता चिखल होतो. त्यावर फडकं फिरवणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवण्यासारखंच. उन्हात बोनटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात त्या यातूनच येतात.

गाडीच्या रंगावर सर्वांत वर पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. चमक त्याचीच असते आणि उन्हापासून खालच्या रंगाला वाचवतो तोही तोच. एकदा झिजला की परत येत नाही, पॅनल पुन्हा रंगवावं लागतं. काही साध्या रंगाच्या व्यावसायिक गाड्यांना तर हा थरच नसतो. फडक्याला गाडीचाच रंग लागत असेल तर आपली गाडी त्यातली समजायची.

वॅक्सचं काम या थराच्या वर एक पातळ, घालवता येणारं आवरण देणं एवढंच. झिजायचं ते वॅक्स झिजेल, क्लिअर कोट वाचेल. फडक्याच्या रेघा मात्र वॅक्स थांबवू शकत नाही. सकाळची सवय बदलली नाही तर कितीही भारी डबी आणली तरी पैसे पाण्यात.

'पॉलिश' आणि 'वॅक्स' एक नाही

दुकानात 'गाडीचं पॉलिश द्या' म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टींपैकी काहीही हातात पडू शकतं. रबिंग कंपाऊंड आणि पॉलिश यांत घासणारे बारीक कण असतात. ते क्लिअर कोटचा थोडा थर काढूनच रेघा घालवतात. दर दिवाळीला गॅरेजवर 'रबिंग-पॉलिश' करून घ्यायची पद्धत अनेकांना चांगली वाटते, कारण गाडी नवी दिसते. पण दरवर्षी तो थर पातळ होतोय हे कुणी सांगत नाही. चार-पाच वर्षांनी टपावर आणि बोनटवर पांढरट चट्टे येतात, आणि गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक पहिला भाव तिथेच पाडतं. पिकअपचे हप्ते फिटेपर्यंत तिचा रंग टिकणं हा नुसता हौसेचा प्रश्न नाही.

तिसरी वस्तू डॅशबोर्डची सिलिकॉन पॉलिश. ती रंगावर लावू नये. पुढे डेंटिंग-पेंटिंगची वेळ आली तर सिलिकॉनच्या अंशामुळे नवा रंग खड्डे पडल्यासारखा बसतो. पेंटरला विचारा, तो यावर पोटभर बोलेल. डिझेल किंवा रॉकेलच्या फडक्याने पुसणं हाही जुना उपाय. त्याने काळी गाडी तासभर चमकते, पण असलेलं वॅक्स निघून जातं आणि तेलकट पृष्ठभागावर धूळ दुप्पट चिकटते.

मग घ्यायचं कोणतं?

कार्नुबा हे नाव डबीवर हमखास असतं. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण. औषधाच्या गोळ्या आणि चॉकलेटच्या गोळ्या चमकवायलाही तेच वापरतात. ते सुमारे 82 ते 86 अंशांना वितळतं, म्हणजे मेणात ते चांगलंच कडक. एवढं कडक मेण हाताने पसरणार नाही, म्हणून त्यात तेल, दुसरं मेण आणि द्रावक मिसळतात. त्यामुळे 'शंभर टक्के कार्नुबा' वाचून डबीभर तेच मेण आहे असं समजू नये. याची चमक खोल दिसते, गडद रंगाच्या गाडीवर तर फारच. पण उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर महिना-दोन महिने टिकलं तरी भरपूर. लग्नसराईत नवरदेवाची गाडी सजवायची असेल तर कार्नुबा बरोबर. (फुलं चिकटवायची टेप मात्र त्याच रात्री काढावी, उन्हात तिचा गोंद रंगावर बसतो.)

रोज कामाच्या गाडीला सिंथेटिक सीलंट बरा. डबीवर 'पेंट सीलंट', 'पॉलिमर' किंवा 'सिंथेटिक वॅक्स' असं लिहिलेलं असतं. चमक कार्नुबाएवढी गहिरी नाही, पण चार-सहा महिने निघतात. दिवाळीनंतर एकदा आणि पावसाळ्याआधी एकदा लावला की वर्ष भागतं. घ्यायची असेल तर पेस्टची 200 ग्रॅमची डबी घ्यावी. पातळ लावली तर एका गाडीला कितीतरी वेळा पुरते.

'सिरॅमिक स्प्रे' नावाच्या बाटल्याही आता तालुक्याच्या दुकानांत मिळतात. त्यात सिलिकाचा अंश असतो. लावायला सोप्या, धुतल्यावर ओल्या गाडीवर मारून पुसून घेता येतात. पण हे हायवेलगतच्या दुकानांत हजारो रुपयांत होणारं सिरॅमिक कोटिंग नव्हे. त्या कोटिंगआधी गाडी नीट घासून रेघा काढाव्या लागतात, नाहीतर रेघा कायमच्या झाकल्या जातात. गाडी रोज बांधावर उभी राहत असेल तर तो खर्च परवडतो का, हे ज्याचं त्याने पाहावं. सीलंटवर दर महिन्याला स्प्रेचा एक हात, एवढं साध्या वापराला पुरतं.

फवाऱ्याचे डाग

द्राक्ष पट्ट्यातला हा खास प्रश्न. ट्रॅक्टरवरचा ब्लोअर चालू असला की गंधक, बोर्डो, कॅल्शियम, जे काही टाकीत असेल त्याचे बारीक थेंब बांधावरच्या गाडीपर्यंत येतात. वाळले की पांढरे-निळसर ठिपके. वॅक्स असेल तर थेंब वरच्या वर राहतो आणि धुताना निघतो. नसेल तर घासावं लागतं, आणि घासलं की रेघा.

बोर्डोची गोष्ट आणखी वेगळी. मिश्रण नीट झालं का हे पाहायला बागायतदार त्यात लोखंडी विळा किंवा सुरी बुडवतात. पातं तांबूस झालं की मोरचूद मोकळा आहे, चुना अजून हवा. गाडीचा पत्राही लोखंडाचाच. जिथे खडी लागून रंग उडालाय आणि पत्रा उघडा आहे, तिथे असं पाणी बसलं की गंज लवकर धरतो. अशा ठिकाणी वॅक्स काही कामाचं नाही. आधी टचअप रंगाचा ठिपका द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा, मग वॅक्स. चुन्याचे ताजे ठिपके पाण्याने गेले नाहीत तर व्हिनेगरमध्ये भरपूर पाणी घालून आधी कोपऱ्यात करून पाहावं आणि लगेच धुवावं. पक्ष्यांच्या विष्ठेला एक दिवसही थांबू नये, तिच्यातलं आम्ल उन्हात क्लिअर कोट खातं. वॅक्समुळे थोडा वेळ मिळतो, एवढंच.

लावायची वेळ आणि पद्धत

पहाटे किंवा संध्याकाळी वॅक्स लावू नये. पारा दहाच्या खाली असला की त्यातला द्रावक नीट उडत नाही, थर चिकट राहतो. पत्रा दवाने ओला असेल तर तो धरतच नाही. दहानंतर, गाडी पूर्ण वाळल्यावर, सावलीत काम सुरू करावं. सीलंट पक्का व्हायला काही तास लागतात, काहींना रात्रभर. म्हणून त्या रात्री गाडी शेडखाली किंवा पोर्चमध्ये हवी. उघड्यावर ठेवली आणि रात्री दव पडलं तर दिवसाची मेहनत गेली.

आधी पाण्याचा भरपूर मारा करून धूळ उतरवावी, मग कार शाम्पूने धुवावी. कपड्याची पावडर वापरू नये, ती असलेलं वॅक्सही काढते. बोअरचं पाणी जड असेल तर उन्हात वाळू देऊ नये, क्षारांचे गोल डाग पडतात. वॅक्स केलेल्या गाडीवर पाण्याचे थेंब उभे राहतात, त्यामुळे हे डाग उलट जास्त उठून दिसतात. धुतल्यावर लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्यावं.

वॅक्स एका वेळी एकाच पॅनलला, जेमतेम दिसेल एवढं पातळ लावावं. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, पुसताना हात मात्र भरून येतात. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर लागलं तर पांढरे डाग राहतात, तिथे आधी मास्किंग टेप लावावी. समोरच्या काचेला नको, वायपर फिरला की धूसर दिसतं. मॅट रंगाच्या गाडीला तर अजिबात नको. मोटरसायकलवाल्यांनी टाकीपुरतंच ठेवावं. सीटवर लावलं तर घसरायला होतं, आणि ब्रेकच्या डिस्कला लागलं तर ब्रेकच लागणार नाही.

नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर थांबावं. नवा रंग आतून वाळायला महिना ते तीन महिने लागू शकतात, किती ते पेंटरलाच विचारावं.

वॅक्स उरलंय की गेलं हे पाहायला यंत्र लागत नाही. धुतलेल्या बोनटवर तांब्याभर पाणी ओतायचं. थेंब गोळा होऊन पळाले तर थर आहे. पाणी पसरून चादरीसारखं बसून राहिलं तर पुन्हा लावायची वेळ आली. आणि पुसताना फडकं खाली मातीत पडलं तर ते झटकून परत वापरू नये, दुसरं घ्यावं.